चौथा पर्याय

गीतांजली मॅडमनी नागसेनच्या हातातला टॅब घेतला, प्रश्न वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"भारताची राजधानी कोणती? दिल्ली, भजे, बैल, आमचा कुलदीप. अरे, याचं उत्तर तर तुझ्या बैलालाही येईल!"

वर्ग खदाखदा हसला. कुलदीप लाजून बेंचखाली वाकला.

सातवीच्या पोरांना ऑनलाइन प्रश्नमंजूषा बनवायला शिकवायचं हे काम मॅडमनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. शाळेत टॅब मोजकेच, त्यातला एक सुरू होतानाच रुसायचा. पण पोरं हरखली होती. आजवर त्यांनी फक्त उत्तरं दिली होती. प्रश्न विचारायची पाळी पहिल्यांदाच आली होती. संध्याकाळी लिंक पालकांच्या ग्रुपवर जाणार, म्हणजे आज आईबापांची परीक्षा.

"चुकीचा पर्याय खोटा वाटता कामा नये," मॅडम म्हणाल्या. "माणसं खरंच जिथं चुकतात, तिथून तो उचलायचा."

"म्हंजे फसवाचं काय, मॅडम?" नागसेननं विचारलं.

"फसवायचं नाही रे. विचार करायला लावायचं."

खिडकीजवळ प्रणाली मान खाली घालून टाइप करत होती. तिला एकदा सांगितलं की पुरे. मागच्या आठवड्यात तिनं बोंडअळीवर प्रश्न काढले, तर मुख्याध्यापक मोतीराम सरांचेच दोन चुकले आणि सरांनी खापर नेटवर्कवर फोडलं. मॅडमचा या पोरीवर भारी जीव होता, आणि म्हणूनच तिच्या पुढच्या वर्षाची चिंता त्यांची पाठ सोडत नव्हती. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला दर्यापूर गाठावं लागणार आणि तिचा बाप, गोपाल, पाठवायला तयार नव्हता.

परवा शाळा सुटल्यावर मॅडम त्याच्या घरी गेल्या होत्या. गोपालनं अंगणात खुर्ची टाकली, त्याच्या बायकोनं, ललितानं, चहा आणला. माणूस आडमुठा असता तर भांडता तरी आलं असतं.

"पोट्टी हुशार आहे, मले का दिसत नाई?" तो म्हणाला. "शिकवाले मी ना नाई म्हनत. पन जाईन कशी?"

"सकाळची जीप आहे ना."

"जीप." गोपालनं रस्त्याकडे पाहिलं. "तुमी रोज त्याच जीपनं येता, मॅडम. कशी भरते ते पाह्यतो मी. गावातून दुसरी एकबी पोरगी जात नाई. तुमीच सांगा, बसवू काय तिले त्यात?"

मॅडमच्या ओठावर 'हो' आलं होतं. मग त्यांना ती जीप आठवली. दोन्ही बाजूंनी मुद्दाम सैल सोडलेले गुडघे, मध्ये ढालीसारखी धरलेली बॅग, उतरेपर्यंत आवळून ठेवलेलं अंग. नोकरीसाठी त्या हे मुकाट सोसत होत्या. घरी चकार शब्द काढला नव्हता. पोरीला सोबत करावी, तर त्या सकाळी दर्यापूरहून गावाकडे येत, तेव्हाच तिला गावातून दर्यापूरला जायचं. बस या रस्त्यानं येत नव्हती. तेरा वर्षांच्या लेकराला 'बस त्यात' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि 'नको' म्हटलं तर तिची शाळाच संपली. त्या कपाकडे पाहत बसल्या. चहावर साय धरली. दारात उभी असलेली प्रणाली बापाकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती. शेवटी मॅडम तशाच उठून आल्या.

"मॅडम, माझं झालं."

प्रणालीनं टॅब पुढे केला. विषय होता 'आपली शाळा'. घंटा, बाग, खिचडी असे प्रश्न मॅडम भराभर सोडवत गेल्या आणि शेवटच्या प्रश्नावर आल्या.

'मॅडम आमच्या घरी आल्या, तेव्हा बाबांच्या प्रश्नावर गप्प का बसल्या?

अ) त्यांना बाबांचा राग आला.
ब) त्यांना माझी काळजी नाही.
क) त्यांना उशीर होत होता.
ड) जीपमध्ये त्यांनाही त्रास होतो.'

मॅडमचं बोट थांबलं. वर्गात गलका चालला होता. दुसऱ्या पर्यायापाशी त्यांचे डोळे भरून आले. पोरीनं हेही मनात घोळवून पाहिलं होतं तर. समोर ती शांत उभी होती. मॅडमनी चौथ्या पर्यायावर बोट ठेवलं. हिरवी खूण आली.

"बरोबर आलं न?"

"आलं."

प्रणालीनं टॅब परत घेतला, थोडी घुटमळली, मग जवळ येऊन हळूच म्हणाली,

"मॅडम, हा प्रश्न मी काढून टाकतो. ग्रुपवर गेला अन् तुमच्या घरी समजलं, त तुमालेबी घरी बसवतीन."

'राहू दे तो प्रश्न' असं म्हणायला मॅडमनी तोंड उघडलं. पण तोवर प्रणालीनं तो पुसला होता. त्या जागी ती दुसरा लिहीत होती: 'आपल्या गावापासून दर्यापूर किती किलोमीटर आहे?'