वेळेआधीचं हसू

काका मोठ्याने हसले तेव्हा खोलीत दुसरं कुणीच हसत नव्हतं.

पडद्यावर शेजारणीने नुकतंच विचारलं होतं, “मुलगा काय करतो हल्ली?” आणि मुलाचा बाप चहाचा लांबलचक घोट घेत होता. घोट संपवून तो म्हणाला, “विचार करतो.” तेव्हा कुठे बाकीची खोली हसली. दोघाचौघांनी वळून काकांकडे पाहिलं. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका निवृत्त बसचालक. तापाचं निमित्त झालं आणि कान गेले. तेव्हापासून चारचौघांत कुणी विनोद केला, की काकू हळूच त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायच्या आणि काका निमूटपणे हसायचे. एक दिवस मात्र ते म्हणाले, “तुझ्या तालावर माकडासारखा किती दिवस हसू? मी नाही येत आता कुठे.” आणि खरंच घरी बसले.

इथे, या प्रयोगशाळेत, पडद्याखाली संवादांची अक्षरं असतात, एवढ्या एका आशेवर काकूंनी त्यांना आणलं होतं. एकत्र सिनेमा बघणारी माणसं एकाच वेळी हसतात का, त्यांच्या माना एकत्र हलतात का, हे इथे मोजायचे. प्रत्येक खुर्चीला नंबर आणि समोर अंगठ्याएवढा कॅमेरा होता; काकांची खुर्ची तीन नंबरची.

सिनेमा संपला. बाकीचे पांगले. काकू आभार मानायला थांबल्या. संगणकावर प्रत्येकाच्या हसण्या-हलण्याच्या रेघांचा गुंता पसरला होता. मदतनीस प्रयोग घेणाऱ्या बाईंना म्हणाला, “तीन नंबर वगळू या. कुणाशीच जुळत नाही.”

काकांनी त्याच्या ओठांवरून ते वाचलं.

“नापास का मी?” त्यांचा आवाज खोलीभर घुमला. कुणी उत्तर देण्याआधीच ते चपला शोधू लागले.

“थांबा हो जरा,” बाई म्हणाल्या. त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावला, मागे नेला, पुन्हा लावला. मग कागदावर लिहून काकांपुढे धरलं: ‘प्रश्न आणि उत्तर, दोन्हींची अक्षरं एकदमच येतात. उत्तराचा आवाज नंतर, बाकीचे त्यावर हसले. तुम्ही बरोबर हसलात. चूक आमची.’

काकांनी दोनदा वाचलं.

“म्हणजे गाडी वेळेवर होती. प्रवासीच उशिरा आले!”

मदतनीसही हसला. बाई मात्र अजून रेघांकडेच बघत होत्या.

“काकू, तुम्ही हा सिनेमा आधी पाहिलाय?”

“छे गं. का?”

“चार नंबर तुमचा. त्या बापाने तोंड उघडायच्या आत तुम्हीही हसलात. बाकी सगळ्यांच्या आधी.”

काकू गोंधळल्या. “मी? मला तर विनोद कळलाही नव्हता तेव्हा.”

“मग?”

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“हे हसले ना,” त्या म्हणाल्या. “किती दिवसांनी.”

“काय म्हणतेय ती?” काकांनी विचारलं. बाईंनी पेन उचललं, पण काकूंनी ते त्यांच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि मान हलवली. काही नाही.

बाहेर ऊन उतरलं होतं. बसथांब्याकडे जाताना काकू बोलत राहिल्या आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की शेजारी कुणी नाही. मागे वळून पाहिलं तर काका कोपऱ्यावरच्या चित्रपटगृहापुढे उभे होते. तिकीटखिडकीतल्या माणसाला खणखणीत आवाजात विचारत होते, “खाली अक्षरं असतात का हो?”

त्या माणसाने मान डोलावली. काकांनी दोन बोटं वर केली.