तळहातावर उसळणारी कातडी

सभागृहात बसायला जागा नव्हती, उभं राहायला नव्हती, श्वास घ्यायलाही नंबर लावावा लागेल अशी भाजलेल्या मुलांच्या आईबापांची गर्दी. व्यासपीठावर पांढरा कोट घातलेले 'शाईवाले सर' चिमट्यात एक तांबूस, पारदर्शक, बोटभर तुकडा धरून उभे होते.

"माता-पित्यांनो, ही शाई कागदावर छापायची नाही! ही प्रथिनांची शाई. आमच्या यंत्रातून थरावर थर छापला की कातडी तयार होते. जिवंत कातडी! आणि जिवंत कोण? जो आईला ओळखतो तो!"

आधी वडिलांची पाळी. सरांनी त्यांना पंख्याखाली हात पसरून उभं केलं. "अहंकार वाळू द्या," म्हणाले. मग आयांना मुठी घट्ट मिटायला लावल्या. "डोळे मिटा. लेकराची जखम आठवा. दोन मिनिटं." बापांच्या तळव्यावर तुकडा मख्खासारखा पडून राहिला. आयांच्या तळव्यावर ठेवताच वळला, कमान टाकून उठला, कोलांटी खाऊन उलटा झाला. बायका रडायला लागल्या. बाप ओशाळून खिशात हात घालून बसले.

चिमणीची आई चिमणीला मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत होती. सात महिन्यांपूर्वी सहा वर्षांच्या चिमणीच्या उजव्या हातावर उकळतं पाणी सांडलं, तेव्हा ही बाई आतल्या खोलीत थर्मामीटर शोधत होती, कारण सकाळी चिमणीचं कपाळ तिला किंचित कोमट लागलं होतं. ताप नव्हताच. तेव्हापासून तिला आरशात बघायचीही लाज वाटायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घट्ट हातमोजा दिवसभर घालायचा, बोटांचे व्यायाम करायचे, नाहीतर बोटं आखडतील. चिमणी मोजा घालताना रोज घर डोक्यावर घ्यायची. आणि इकडे सर सांगत होते, "छपाईआधी चाळीस दिवस मोजे, पट्ट्या, मलमं बंद. कातडीला गुदमरवू नका!"

तिची पाळी आली. तिच्या तळव्यावर तुकडा असा उसळला, की थेट खाली पडला. सरसुद्धा क्षणभर दचकले.

"इतक्या वर्षांत असं मातृत्व पाहिलं नाही!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. आयुष्यात एकदाही पहिला नंबर न आलेली चिमणीची आई तरंगतच घरी आली. पिशवीत सरांनी पाकिटात घालून दिलेला तो तुकडा होता आणि चिमणीचा मोजाही. आईनं तो वाटेतच चिमणीच्या हातातून काढला होता.

पण ती शिकलेली होती, रसायनशास्त्राची पदवीधर. आंधळेपणानं विश्वास ठेवणं तिला कमीपणाचं वाटायचं, म्हणून तिनं डोळसपणे ठेवायचं ठरवलं. ज्या वहीत चिमणीच्या खोकल्यांची मोजदाद असायची, तीत दोन दिवस प्रयोग लिहिला. नवऱ्याच्या हातावर तुकडा ढिम्म. नुकतंच पीठ मळायला घेतलेल्या सासूबाईंच्या पिठाळ हातावर ढिम्म. तिच्या स्वतःच्या हातावर अकरा वेळा ठेवला, अकराही वेळा उसळला. तिनं रंगीत पेन्सिलींनी आलेख काढला. भोंदूगिरीचा इतका देखणा आलेख आजवर कोणी काढला नसेल.

रविवारी दुपारी नणंद आली. ती प्रयोगशाळेत नेमकी हीच शाई बनवायची.

"तुझीच शाखा ना गं ही? मग आम्हाला बाहेरून कळावं?" चिमणीच्या आईनं टोमणा मारला.

"वहिनी, तीन वर्षं ती शाई ढवळतेय मी. जरा गार झाली की नळीत गोठते, जरा गरम झाली की पाण्यासारखी पळते. त्यात पेशी मिसळून नखाएवढा चौकोन छापला. नवव्या दिवशी मेला, तरी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. इतकं मोठं यश होतं ते!"

"सरांची कातडी मग पाकिटातही जिवंत राहिली ती?"

"कोरड्या पाकिटात? आमच्या पेशींना ऊबदार पेटी लागते, वेळेवर खाऊपिऊ लागतं. तुझ्यापेक्षा लाडावलेल्या असतात त्या."

तिनं तावातावानं वही पुढे केली. नणंदेनं पानन् पान वाचलं. "आलेख छान आहे. एक रकाना मात्र राहिला."

"कोणता?"

"ज्याला मूल नाही, असं काहीतरी."

नणंद उठली, ओटा पुसायचं ओलसर फडकं पिळून ताटात पसरलं आणि त्यावर तुकडा ठेवला. तुकडा वळला, कमान टाकून उठला, कोलांटी खाऊन उलटा झाला.

मग चिमणीनं विचारलं, "आई, फडक्याला पण मी आवडते?"

"जिलेटिनचा पातळ कागद आहे हा," नणंद म्हणाली. "प्रथिनच ते, तेवढंच तुमचे सर खरं बोलले. जी बाजू ओल पिते ती फुगते, दुसरी तशीच राहते, म्हणून कागद वळतो. मुठी मिटून दोन मिनिटं बसलं की तळव्याला घाम येतो. पंख्याखाली हात वाळतो. दाखव बरं तुझा हात."

हात घामानं निथळत होता. सासूबाई म्हणाल्या, "लग्नात हिनं माझा हात धरला, तर मला वाटलं हात धुऊन पुसायला विसरली."

नवरा आधी हसला, मग सगळेच. चिमणीच्या आईला सगळ्यांच्या मागून हसू आलं. साऱ्या सभागृहानं ज्याला मातृत्व म्हणून डोक्यावर घेतलं, तो तिचा घाबरट घाम होता!

नणंद मात्र आता चिमणीच्या हाताकडे बघत होती. तिनं अनामिका हलकेच सरळ करून पाहिली. होईना. हसणं जागच्या जागी थांबलं. त्याच दुपारी दोघी चिमणीला घेऊन डॉक्टरांकडे पोचल्या.

"दोनच दिवस ना?" डॉक्टर म्हणाले. "मोजा आणि व्यायाम आजच सुरू करा, बोट सुटेल. चाळीस दिवसांनी आला असतात, तर शस्त्रक्रिया करून बोट सरळ करावं लागलं असतं."

पुढच्या सभेला चिमणीची आई डब्यात ओलं फडकं घेऊन गेली. तिनं व्यासपीठावरचा तुकडा उचलून फडक्यावर ठेवला. तो नेहमीसारखाच उसळला.

"सर, हे फडकं कोणाची आई?"

"ताई, संशयानं लहरी दूषित होतात..."

"मग बाबांना मुठी मिटू द्या दोन मिनिटं. त्यांच्या नाही ना दूषित?"

पहिल्या रांगेतल्या एका बापानं खरंच मूठ मिटली. दोन मिनिटांनी तुकडा त्याच्या तळव्यावर कोलांटी खाऊन उलटा झाला. सरांना तेवढ्यात मागच्या दाराबाहेर फार महत्त्वाचं काम निघालं.

"मी शिकलेली आहे, आणि तुम्हा सगळ्यांत जास्त मीच फसले," ती लोकांना म्हणाली. "अशी शाई खरोखर बनवणारी माणसं आहेत. तीही सांगतात, अजून वेळ लागेल. जे खरं असतं, त्याला प्रश्न विचारले तर राग येत नाही. आईच्या हातावर घडतं ते फडक्यावर घडतं का, एवढं तरी विचारत जा. आणि चालू असलेले उपचार स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आपण घाबरलेले असतो, त्याची किंमत आपल्या मुलांनी का द्यावी?"

मागच्या रांगेतली एक बाई मुलाला कडेवर घेऊन पुढे आली. तिनं पिशवीत खोल हात घालून चुरगळलेला छोटासा मोजा बाहेर काढला.

"अकरा दिवस झालेत," ती हळूच म्हणाली. "आता घातला तर चालेल?"

"आधी डॉक्टरांना हात दाखवू," चिमणीची आई म्हणाली. "चला, मी येते बरोबर."