उपाशी बाईचं वजन

मालिकेत नटी गेल्या सोमवारपासून उपाशी होती आणि इकडे तिच्या ठिगळांच्या पोलक्याची शिवण पुन्हा उसवली होती.

दोष कुणाचा म्हणाल, तर प्रेक्षकांच्या मायेचा. पडद्यावरची गरीब आई मुलांना शेवटचा घास भरवून स्वतः पाणी पिऊन झोपायची. भाग संपतो न संपतो तोच नटीच्या दारात शेजारची काकू डोळे पुसत, डबा घेऊन हजर! बेकरीवाल्याने तर तिला बघून हुंदका दिला आणि अख्खा केक बांधून दिला. नटी एकटी राहायची, स्वयंपाकाचा तिला मनस्वी कंटाळा. नाही म्हणवत नव्हतं.

शेवटी दिग्दर्शकाने कॅमेऱ्यामागून डोकं काढलं. "बाई, उपाशी माणसाला दोन हनुवट्या? पंधरा दिवसांत एक कमी करा, नाहीतर तुम्हाला न्यूमोनियाने मारतो."

नटीच्या तोंडचं पाणी पळालं. हातात एवढं एकच काम होतं. त्या संध्याकाळी तिने डबा परत केला. "काकू, मी दोन्ही वेळा पोटभर जेवते हो. तो नुसता अभिनय असतो."

"ऐकलंत का!" काकूने आतल्या नवऱ्याला हाक मारली. "पोटात कावळे कोकलताहेत, पण पोर किती मानी!"

दुसऱ्या दिवशी दोन डबे आले.

आता डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटायचं नाही, म्हणून नटी खिडकीत बसून सगळ्यांदेखत जेवली. खाली ही गर्दी! "बिचारीला किती दिवसांनी मिळालंय," म्हणत अख्खी गल्ली रडली. लोकांच्या भाबडेपणाला औषध नाही. आणि खोटं कशाला बोला, जेवण झकास होतं.

दिग्दर्शक शब्दाचा पक्का निघाला.

न्यूमोनियाचा भाग संपला आणि दार वाजलं. रडून लाल झालेली काकू, रिकाम्या हातांनी.

"गेली गं आपली गुणाची!"

"काकू, मी आहे ना इथे. पण माझं काम गेलं. आता खायचं काय, हा प्रश्नच आहे. खरंच सांगते."

काकूने नाक पुसलं आणि तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुला काय धाड भरलीय? चांगली गुटगुटीत तर आहेस. तिने बघ, मरेपर्यंत कुणापुढे हात पसरला नाही."

नटीचा हात आपसूक दुसऱ्या हनुवटीकडे गेला.

"चल, खाली शोकसभा आहे," काकू म्हणाली. "खुर्च्या मांडायला ये. आणि आवाज करू नकोस, माणसं दुःखात आहेत."