अंगरख्याची नाडी

"नाडी कोणत्या काखेत लावू, भाऊ?"

वच्छलानं दुसऱ्यांदा विचारलं. गुणवंतराव तिच्या ओसरीवर दोन्ही हात पसरून माप देत उभा होता. गावच्या मंडईच्या जत्रेचं नाटक चार दिवसांवर आलेलं, वडश्याचा शिंपी तापानं पडलेला, म्हणून नाटकातल्या राजाला तिची पायरी चढावी लागली होती.

"उजव्या. डावीकडं तलवारीच्या मुठीत अडकते ते."

"मालक डावीकडं म्हणत होते."

"तुहा मालक कधी राजा झाला होता का, बाई?" तो हसला. "मी वीस वर्षं राजा होऊन राह्यलो. मले नको शिकवू."

"पुन्हा एकडाव सांगून ठेवा भाऊ, म्हणजे माह्यावर बोल नाई."

"उजव्या, उजव्या, उजव्या! झालं समाधान?"

ओसरीच्या कोपऱ्यात शेजारची चंदाबाई तांदूळ निवडत होती. वच्छलानं तिच्याकडे पाहिलं. चंदाबाईच्या कानावर पडलेलं कधी वाया जात नसे.

ही गोष्ट छप्पन सालची. त्याच्या आधी बारा वर्षं याच गुणवंतरावानं याच नाडीपायी वच्छलाच्या नवऱ्याच्या, मनसाराम शिंप्याच्या तोंडावर अंगरखा फेकला होता, साऱ्या नटांसमोर. "शिंप्यानं सुई चालवावी, राजाले अक्कल शिकवू नये," असं म्हणाला होता. मनसारामचं नाटकाचं काम तेव्हा सुटलं ते सुटलंच. दरबारी अंगरख्याच्या कळ्यांवर, घेराच्या निमुळत्या पट्ट्यांवर, फिरणारा त्याचा हात मग पोरांच्या चड्ड्या शिवत राहिला. दोन पावसाळ्यांपूर्वी तो गेला. तोवर एकदाही त्यानं ती गोष्ट काढली नाही. वच्छला मात्र ती रोज काढून पाहत असे, जपून ठेवलेल्या लुगड्यासारखी.

मनसाराम बोलला होता ते पोथीतलं पाहून. त्याला पोथी म्हणायची ती तिघंच: तो, वच्छला आणि शाळेचे गुरुजी. होतं ते इंग्रजी पुस्तक, जुन्या दरबारांतल्या कपड्यांच्या चित्रांचं. आलापल्लीच्या बंगल्यावर पडदे शिवले तेव्हा जंगलखात्याच्या साहेबाच्या मडमेनं ते दिलं होतं. अंगरखा, जामा, सलवार, पगडी, सारं रंगीत. आणि प्रत्येक चित्राशेजारी कापाचे तुकडे वेगळे काढून दाखवलेले. मनसारामला अक्षर येत नव्हतं, पण चित्र येत होतं. सुईचं टोक टेकवत तो घेराच्या कळ्या मोजी. गाठीचं मात्र गुरुजींनी खालचं वाचून सांगितलं: बादशहाच्या माणसांची गाठ उजव्या काखेत, आपल्या राजांची डाव्या. गाठीवरून दरबारात माणूस कुणाकडचा ते कळे.

वच्छलानं अंगरखा शिवला. उजव्या काखेत. इतका सुबक की चंदाबाई म्हणाली, "एवढा जीव काऊन लावून राह्यली त्या मेल्यासाठी?"

"लोकाइनं नीट पाहावं म्हणून."

मंडईच्या दिवशी दुपारी नट वेष चढवून बैलबंडीतून गावभर फिरत. निघण्याआधी शामियान्यात पाहुण्यांचा सत्कार. पाहुणे नागपूरचे, इतिहास शिकवणारे. चहाचा कप हातात धरून त्यांनी गुणवंतरावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय राजे, शत्रूला जाऊन मिळालात की काय? गाठ तर बादशहाकडची दिसते."

शामियाना हसला. वच्छला खांबाला टेकून उभी होती. ती याच हसण्यासाठी आली होती.

गुणवंतराव कसलेला नट. क्षणभरच चपापला. "काय करता साहेब, आमचा शिंपी अडाणी होता. मनसाराम. मेला बिचारा. त्याचंच वळण त्याच्या बाईनं उचललं."

लोक पुन्हा हसले. या वेळी मेलेल्या माणसाला.

वच्छला वळली आणि घरी गेली. धावली नाही. पुस्तक पदरात घेऊन परत आली तेव्हा पाहुण्यांचा चहा संपत होता. तिनं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं.

"साहेब, खालचं मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं, मराठीत सांगितलं. मग पानावर बोट फिरवत विचारलं, "ही भोकं कसली?"

"मालकानं कळ्या मोजल्या. वाचता येत नव्हतं त्याइले. नाडी डावीकडं पाहिजे म्हणाले, तर या भाऊनं त्याइच्या तोंडावर अंगरखा फेकला." ती मागे वळली. "चंदाबाई, तू ओसरीवर होती ना? त्या दिवशी भाऊ काय बोलले?"

चंदाबाईनं कमरेवर हात ठेवले, छाती फुगवली, राजासारखा आवाज काढला. "उजव्या, उजव्या, उजव्या! वीस वर्षं राजा होऊन राह्यलो. मले नको शिकवू!"

शामियान्यात टाळ्या पडल्या. गुणवंतरावाचं तोंड रंगाखालीही काळवंडलं.

"काढा, भाऊ," वच्छला म्हणाली. "दुरुस्त करून देते."

"घरी ये, तिथी देतो."

"बंडी जुंपली हाय. वेळ कुठी हाय?"

पाहुणे म्हणाले, "काढा राजे. बाई बरोबर सांगताहेत."

त्यानं अंगरखा काढला. आत पाठीवर विरलेली बनियन होती. डोक्यावर तुरा, ओठावर चिकटवलेली मिशी, आणि हात छातीशी घट्ट बांधलेले. कुणी त्याला उपरणं दिलं नाही.

वच्छला सतरंजीवर मांडी घालून बसली. नाडी उसवली. चार टाक्यांचं काम होतं, तिनं बारीकातले बारीक टाके घातले. मध्येच दोरा संपला. सवयीनं तिनं सुई शेजारी धरली, मनसारामकडून ओवून घ्यायला. शेजारी सतरंजी तेवढी होती. मग तिनं दोऱ्याचं टोक ओठांत भिजवलं, सुई उजेडाकडे केली आणि स्वतःच ओवू लागली. दोनदा चुकलं.

राजा उभा होता.