नजर खाली, नजर वर

माह्या भावाले पागल ठरवाले डॉक्टरले जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आमच्या घरी चहा उकळत नाही. राग नाही येईल तं काय होईल?

भाऊ म्हणजे गोविंदा. हिंगण्याच्या कारखान्यात कामाले होता. एका संध्याकाळी कंपनीच्या बसपाशी गर्दी झाली, ट्रॅफिकवाल्या पोलिसानं त्याची कॉलर धरली, यानं हात झटकला. झालं, सरकारी माणसावर हात उचलल्याची केस. झडतीत खिशातून डोक्याच्या गोळ्याची पट्टी निघाली. बाप गेल्यावर त्याची झोप उडाली होती, तवापासून घेत होता. कोर्टानं सांगितलं, याले केस समजते का नाही, ते पहिले डॉक्टरले तपासू द्या.

डॉक्टरनं लिहिलं, नजर मिळवत नाही, विचारलं तं उत्तर देत नाही, खटला समजून घ्यायला अक्षम. केस तिथंच थांबली अन् गोविंदा दवाखान्यात बंद झाला. सजा झाली असती तं जास्तीत जास्त दोन वर्षं. आता म्हणे बरा होईपर्यंत. जो धडधाकट आहे, तो आता आणखी बरा कसा होईन, सांगा बरं.

वकील गार्गी म्याडमनं रिपोर्ट वाचून दाखवला तवा माही माय पदर तोंडाशी धरून बसली होती. तिले समजलं होतं.

आम्ही विणकर. घरी माग होते तवा माय लुगडी घेऊन सेठच्या गादीवर जाय. मान वर करून बोलणाऱ्याच्या लुगड्यात सेठले लगेच खोट दिसे. म्हणून आमच्या घरचा कायदाच होता. मोठ्या माणसासमोर नजर खाली, हात जोडून उभं राहाचं, अन् पहिल्या विचारण्यात तोंड उघडाचं नाही. सेठनं दुसऱ्यांदा विचारलं का मंग बोलाचं. तपासणीच्या आधी मायनं कोठडीतल्या भेटीत त्याले हेच बजावलं होतं. डॉक्टरनं एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचाराची त्याले फुरसत नव्हती.

"मीच पोराले अडकवलं वं सोनिका," माय म्हणे.

"तू आपल्या अंगावर काहून घेतं?" मी म्हटलं. "मंग डॉक्टर शिकला कायले?"

पुढची तपासणी होती, तोवर मी दर भेटीत जाऊन भावाले शिकवलं. नजर वर ठेव, डोळ्यात पाहून बोल, विचारलं का लगेच बोल. तो माह्या चपलाकडं पाहत राहे. "चपला आवडल्या का गा तुले? घेऊन ठेव," मी म्हणो, तवा कुठं तो हसे. हळूहळू मान वर आली.

तपासणीच्या दिवशी दार उघडंच होतं, मी बाहेर बाकावर. डॉक्टरनं विचारलं, "न्यायाधीश काय करतात?"

गोविंदानं त्याच्या डोळ्यात पाहिलं. "दोन्हीकडचं ऐकतात अन् फैसला देतात. माह्या केसमधी अजून कोणाचंच नाही ऐकलं. मले त्यायच्यासमोर काहून उभं नाही करून राहिले?"

आवाज जराही चढवला नाही त्यानं. मले बाकावर बसल्या बसल्या रडू आलं. वाटलं, आता सुटला.

रिपोर्ट आला. रोखून पाहतो, स्वभाव आक्रमक, अक्षम.

माह्या डोक्यात अशी आग गेली का विचारू नका. तारखेले कोर्टात म्याडम उठाच्या आधी मीच उभी राहिली. "साहेब, यानं खाली पाहिलं तं पागल, वर पाहिलं तं पागल. मंग पाहावं कुठं, ते तरी डॉक्टरले लिहून द्याले सांगा." पोलीस मले बसवाले धावला. न्यायाधीशांनी हातानंच त्याले थांबवलं अन् गोविंदाकडं वळले.

"तुम्हाला इथं कशासाठी आणलंय, माहीत आहे का?"

गोविंदानं मायकडं पाहिलं. मंग माह्याकडं. हात अर्धे जोडलेले, तसेच राहिले.

"माहीत आहे साहेब," तो म्हणाला. "पण नजर खाली ठेवून सांगू का वर करून, ते पहिले सांगा."

न्यायाधीशांनी रिपोर्ट बाजूले सारला, चष्मा काढला अन् तोच सवाल परत विचारला.

दुसऱ्यांदा विचारला. माहा भाऊ बोलाले लागला.