ताईंची पाटी

देशोदेशींच्या त्या सभेत चिमुकल्या देशांचे हाल कुत्रं खात नाही. बड्यांची पलटण येते, यांचा मात्र एकेकच माणूस. आणि मतदान दोन खोल्यांत एकाच वेळी. म्हणून अशाच एका देशाच्या प्रतिनिधीने आणि त्याच्या बाजूच्या खुर्चीवरच्या बेटवाल्या ताईंनी ठरवलं होतं, की ज्या खोलीत जो बसेल त्याने दोघांच्याही देशांच्या पाट्या वर करायच्या. सभेची तशी मुभाही होती.

आज ताईंचा मासेमारीचा ठराव त्याच्या खोलीत होता आणि त्याचा ताईंच्या खोलीत. इतक्यात, ताईंच्या ठरावावर डूख धरून बसलेल्या बड्या देशाचे राजदूत त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "चला हो, जरा चहा घेऊ." आजवर त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. स्वारीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मतदान संपल्याची घंटा झाली, तसे राजदूत अर्धा कप तसाच टाकून चालते झाले. ताईंचा ठराव एका मताने पडला होता.

ताई धापा टाकत आल्या. "तुमचा ठराव पास! तुमची पाटी इतकी उंच धरली, की खांदा भरून आला बघा. माझं काय झालं?"

त्याच्या जिभेवर अजून चहाची गोडी होती.