चुन्याची मूठ

माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यात तिच्या नवऱ्याने चुना मारला. ते घरात मशरूम पिकवतात, त्या खोलीत जमिनीवर भुरभुरायचा चुना. मशरूमच्या पिशव्यांवर हिरवी बुरशी धरली, तो दोष हिचा. बादलीत हात घातला आणि मूठभर भुकटी तोंडावर फेकली. डॉक्टरीणबाईंना मात्र त्याने सांगितलं, "डबा फळीवरून पडला." तिनेही 'हो' म्हटलं. मी मटणाचं दुकान चालवते, रोज हाडं फोडते. आपोआप पडलेलं काय आणि कुणी मारलेलं काय, मला न सांगता कळतं.

आठवड्याने तपासणीला मीही सोबत गेले, तेव्हा डॉक्टरीणबाई वैतागल्या होत्या. "बुबुळावरची साल गेलीय. एव्हाना भरून यायला हवी होती. अशीच उघडी राहिली तर डोळा जाईल." मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ओढला. "व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच. ते इतकं कमी असलं की अशी जखम रेंगाळू शकते. थेंब बंद करायचे नाहीत, गोळीही देते. पण ही उन्हात जात नाही का हो?"

"जाते की! दिवसभर बाहेरच असते," तो तोंडभर हसून म्हणाला.

बाईंनी बहिणीचा हात उलटसुलट करून पाहिला. पांढराफटक. माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'माल लागलाय, मशरूम तोडायचेत' म्हणून ती माहेरी येत नाही, असं तो आम्हाला सांगायचा आणि आम्ही ऐकायचो. मशरूमला अंधार लागतो, म्हणून त्या खोलीची कडी बाहेरून. आत माझी बहीण.

"रोज सकाळी काळा चष्मा लावून उन्हात बसवा," बाईंनी बजावलं. जावईबापूंनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

पुढच्या तपासणीला ती आलीच नाही. फोन बंद. मी पिशवीत सत्तूर टाकला आणि भर दुपारी तिचं घर गाठलं. खोलीला कुलूप. सत्तुराच्या पाठीने कोयंडा उखडला आणि दार सताड उघडलं. ऊन थेट रॅकपर्यंत गेलं. ती खाली बसली होती, थेंबांची रिकामी बाटली मांडीवर, डोळा लालभडक.

"दार लावा! माल जाईल!" तो मागून धावत आला. माझे केस धरले आणि कपाळ चौकटीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. रक्त भुवईवरून ओघळलं. सत्तूर हातातून सुटला, त्याने लाथेने रॅकखाली सरकवला.

"बहिणीला बोलावतेस? थांब, दुसराही डोळा फोडतो," असं तिला म्हणत तो चुन्याच्या बादलीकडे वळला.

बादलीत तिचा हात आधीच होता.

ती मूठ आवळून उठली. हा एवढा गडी भिंतीला चिकटला, दोन्ही तळवे डोळ्यांवर. "नको, नको गं! आंधळा होईन मी!"

तिने डाव्या हाताने त्याचे तळवे खाली ओढले. असा थंड आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"घाबरता कशाला? तुम्ही रोज उन्हात हिंडता. तुमचा डोळा पटकन भरून येईल."

मी हाताच्या अंतरावर होते. तिचं मनगट धरता आलं असतं. धरलं नाही.